ढगाएवढ्या घराची डागडुजी

कॅलिफोर्नियात सनीव्हेल किंवा माउंटन व्ह्यूला ज्यांची मुलं-नातवंडं आहेत, त्या आजी-आजोबांनी ही इमारत बहुधा पाहिलेली असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावरून गाडी हायवे १०१ ला लागते आणि दक्षिणेकडे बरंच अंतर गेल्यावर डाव्या हाताला, खाडीच्या बाजूला, काहीतरी प्रचंड पाठ वाकवून बसलेलं दिसतं. ‘हे काय रे?’ असं विचारलं की मुलगा ‘जुनं हँगर आहे, नासाच्या जागेतलं’ एवढंच सांगतो आणि लेन बदलतो. त्याचं बरोबरच आहे. पण हे उत्तर म्हणजे गोलघुमटाला ‘जुनी कबर आहे’ म्हणण्यासारखं झालं.

गोलघुमटाचं नाव मी सहज घेतलं नाही. विजापूरचा तो घुमट जमिनीपासून सुमारे ५१ मीटर उंच आहे आणि मोफेट फील्डवरचं हे ‘हँगर वन’ ६०. रुंदी ९४ मीटर, लांबी ३४५. ताशी शंभर किलोमीटरच्या वेगानं त्याला समांतर गेलात, तर ते ओलांडायला बारा सेकंद लागतात. आत एकही खांब नाही, सलग आठ एकर जमीन छपराखाली आहे. आठ एकर म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी शेतकऱ्यांच्या सातबाऱ्यापेक्षा जास्त. आतली हवाच इतकी, की कधीकधी छताजवळ धुकं जमतं असं सांगतात. घराला स्वतःचं हवामान असणं ही काय चीज आहे, याचा विचार करत मी पहिल्यांदा या इमारतीच्या नादी लागलो.

असलं घर कुणासाठी बांधलं? एका ‘जहाजा’साठी. अमेरिकी नौदलाची ‘मेकन’ नावाची एअरशिप होती, २३९ मीटर लांब, हेलियम वायूवर तरंगणारी. तिच्या पोटात छोटी लढाऊ विमानं असत. ती खाली लोंबत्या झुल्यावरून सोडली जात आणि परत येताना उडता उडता त्याच झुल्याला आकडा अडकवून वर घेतली जात. हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण हसलो असतो. या जहाजासाठी जागा हवी होती, तेव्हा तिथल्या लोकांनी पैसे गोळा करून खाडीकाठची सुमारे हजार एकर जमीन घेतली आणि सरकारला एका डॉलरला दिली. १९३१ ला काम सुरू झालं, १२ एप्रिल १९३३ ला तळ कार्यान्वित झाला. त्याच्या आठच दिवस आधी, ४ एप्रिलला, मेकनची थोरली बहीण ‘अ‍ॅक्रन’ अटलांटिक महासागरात कोसळली होती. ७३ माणसं गेली. त्यांत या सगळ्या एअरशिप-स्वप्नाचा कर्ताकरविता अ‍ॅडमिरल विल्यम मोफेटही होता. तळाला त्याचं नाव मिळालं ते असं.

आपल्याशी याचा अगदीच संबंध नाही असं नाही. त्याच सुमारास ब्रिटिशांनीही एक अजस्र एअरशिप-शेड बांधली होती, कराचीला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. ‘आर १०१’ नावाची एअरशिप इंग्लंडहून तिकडे निघाली आणि ५ ऑक्टोबर १९३० ला फ्रान्समध्येच जळून गेली. ती शेड रिकामीच राहिली. दोन वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९३२ ला, जे. आर. डी. टाटा टपालाची पोती घेऊन मुंबईच्या जुहूकडे निघाले ते तिथल्याच ड्रिग रोडच्या मैदानावरून. पुढे ती शेड पाडली गेली. मोफेटची मात्र उरली.

आता मेकनची गोष्ट पुरी करतो, कारण सगळं इथंच येऊन अडकतं. एप्रिल १९३४ मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाकडे जाताना टेक्सासवरच्या वादळी हवेत तिच्या शेपटीजवळच्या एका कड्यातले तिरपे गर्डर मोडले. वाटेत तात्पुरती डागडुजी करून ती पुढे गेली. इंजिनिअरांनी सांगितलं, की शेपटीचे पंख ज्या कड्याला जोडलेत ते कडं बळकट करायला हवं. पण उड्डाणांचं वेळापत्रक मोडायचं नव्हतं, म्हणून ठरलं की मधेमधे सवड मिळेल तसं काम करायचं. सवड मिळत गेली, काम होत गेलं, आणि वरच्या पंखाजवळचं तेवढं राहिलं. १२ फेब्रुवारी १९३५ ला पॉइंट सर इथल्या किनाऱ्याजवळ वाऱ्याचा एक तडाखा बसला. वरचाच पंख उखडला. मेकन पॅसिफिकमध्ये बुडाली. दोघे सोडून सगळे वाचले. आजही ती साडेचारशे मीटर खोल पाण्यात पडली आहे, आपल्या विमानांसकट.

तिची डागडुजी होत होती ती याच हँगरमध्ये.

जहाज गेलं, घर राहिलं. मग त्यात फुगे आले, गस्तीची विमानं आली, पाणबुड्यांवर पाळत ठेवणारी पी-३ ओरायन आली. नौदल १९९४ ला गेलं आणि जागा नासाकडे आली. त्यानंतर काही वर्षांनी शेजारच्या दलदलीत पीसीबी नावाचं विष सापडलं. कुठून येतं हे शोधत गेल्यावर कळलं, की ते या इमारतीच्या कातडीतूनच येतंय. बाहेरचे पत्रे साधे नव्हते. पोलादाच्या पत्र्यावर डांबर, अ‍ॅस्बेस्टॉस आणि पीसीबी यांचे थर चढवलेले, गंजू नये म्हणून. गंजले नाहीतही. पण सत्तर वर्षांचा पाऊस त्यावरून ओघळून खाडीत गेला होता. २०११-१२ मध्ये नौदलानं ती सगळी कातडी उतरवली, उघड्या पोलादाला इपॉक्सीचा लेप दिला, आणि पुढची दहाएक वर्षं हायवेवरून जाणाऱ्यांना एका देवमाशाचा सांगाडा दिसत राहिला. २०१४ मध्ये गूगलच्या एका उपकंपनीनं अख्खा तळ ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर घेतला, १.१६ अब्ज डॉलर भाड्याला, आणि हँगर दुरुस्त करायची जबाबदारी घेतली. २०२२ पासून सांगाडा साफ करायला सुरुवात झाली. जुना शिशाचा रंग काढायचा, नवा द्यायचा, मग जुन्यासारखीच दिसणारी नवी कातडी.

ही जागा कुठे आहे ते नकाशावर पाहा. पश्चिमेला डोंगरांतून सॅन अ‍ॅन्ड्रियास हा भ्रंश जातो. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त करणारा तोच. पूर्वेला खाडीपलीकडे हेवर्ड भ्रंश. मधे खाडी, आणि खाडीच्या काठावर, गाळाच्या जमिनीवर, हे हँगर. म्हणजे दोन भांडखोर भावांच्या मधल्या खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्यासारखं.

१७ ऑक्टोबर १९८९ ला संध्याकाळी ५ वाजून ४ मिनिटांनी ६.९ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र सांताक्रूझच्या डोंगरांत. (आपलं सांताक्रूझ नव्हे, जिथं एअर इंडियाची हँगरं आहेत.) हँगर वन उभं राहिलं. पण त्यावरून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. त्याच भूकंपात ओकलंडमधला सायप्रेस नावाचा दुमजली रस्ता केंद्रापासून कितीतरी दूर असूनही कोसळला आणि तिथं ४२ माणसं मेली. कोसळला तो भाग मऊ गाळावर होता. खडकावर पाय असतील तर धक्का येतो आणि जातो. गाळ तो धक्का झेलतो, घोळवतो, मोठा करून वर पाठवतो. परातीतला शिरा आणि परातीतला खरवस यांना एकच टिचकी मारून बघा.

तर असं घर भूकंपासाठी तयार कसं करायचं?

आधी भूकंप इमारतीला नेमकं काय करतो ते पाहू. आपल्याला वाटतं तो तिला ढकलतो. ढकलत नाही. एसटीत दांडीला न धरता उभे आहात आणि ड्रायव्हरनं गाडी झटक्यात पुढे काढली, तर तुम्ही मागे पडता. तुम्हाला कुणी ढकललेलं नसतं. पायाखालची जमीन पुढे गेली आणि तुमचं वजन जिथल्या तिथं राहू पाहत होतं. वजन जितकं जास्त, तितका हा हिसका मोठा. म्हणून ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला माणसं मारली ती जाड दगडमातीच्या भिंतींनी आणि माळवदाच्या वजनानं. ऊब देणारी, उन्हाळ्यात गारवा देणारी तीच वजनदार घरं अंगावर आली.

या हिशेबानं हँगर नशीबवान आहे. ते प्रचंड आहे पण जड नाही. छत्री कितीही मोठी असली तरी तिला भूकंपाची भीती कमी आणि वाऱ्याची जास्त. हँगर बांधणाऱ्यांनाही धास्ती वाऱ्याचीच होती. टोकांना गोलाई दिली, दारं संत्र्याच्या सालीसारखी दोन बाजूंना सरकणारी केली, ती याचसाठी: जहाज आतबाहेर करताना दाराशी वाऱ्याचे भोवरे उठू नयेत. ही कल्पना कार्ल आर्न्स्टाइनची. झेपेलिनच्या कारखान्यातून अमेरिकेत आलेला इंजिनिअर. त्यानं जहाजही आखलं आणि जहाजाच्या घराचा आकारही.

त्या आकारातली गंमत घरी करून बघता येईल. दारावरचं तोरण आठवा. दोन खिळ्यांना बांधलेला दोरा मधे झोल घेऊन लोंबतो. दोऱ्याला फक्त ताण कळतो. वाकण्याला विरोध करायची ताकद त्याच्यात नाही. म्हणजे तो जो आकार घेतो, त्यात वाकणं शून्य, नुसता ताण असतो. आता हा आकार जसाच्या तसा गोठवून उलटा उभा केला, तर ताणाचा दाब होतो आणि वाकणं पुन्हा शून्य. ही गोष्ट रॉबर्ट हूक यानं १६७५ मध्ये अक्षरांची उलथापालथ करून, कोड्यात लपवून छापली होती, दुसऱ्या कुणी पळवू नये म्हणून. हँगर वनच्या पोलादी कमानी या उलट्या तोरणाच्या कुळातल्या आहेत. स्वतःचं वजन त्या जवळजवळ आळसात पेलतात.

पण जमीन आडवी हलली की तोरणाचं गणित मोडतं. लोंबत्या तोरणाला एका बाजूनं फुंकर मारा, ते लगेच आकार बदलतं. दोरा बदलू शकतो. कमान बदलू शकत नाही. बदलायचा तो आकार तिला वाकून सोसावा लागतो. म्हणून या कमानी नुसत्या वाकवलेल्या पट्ट्या नाहीत, त्या त्रिकोणांच्या कैच्या आहेत. सुतार घराच्या छपराला करतो तसल्याच, फक्त साठ मीटर उंच.

दुसरी अडचण जास्त खोडकर आहे. बुटांचा रिकामा खोका घ्या. झाकण, तळ, चारही बाजू शाबूत असताना तो पिळून बघा, दाद देत नाही. आता दोन्ही टोकांचे पुठ्ठे कापून टाका. पुन्हा पिळा. पापडासारखा आडवा होतो. इमारत ताठ ठेवतात त्या भिंती, आणि हँगरची व्याख्याच अशी की त्याच्या ऐन टोकाला भिंत नसते, दार असतं. साध्या विमानांच्या हँगरला तीन बाजूंना भिंती आणि चौथी बाजू अख्खी उघडी. भूकंपात मागची ताठ भिंत जागेवर राहते आणि पुढचं मोकळं तोंड भरकटतं. इमारत नुसती हलत नाही, गिरकी घेते. २००१ च्या भूकंपात अहमदाबादेत खाली पार्किंग ठेवलेल्या कितीतरी इमारती बसल्या, त्यांचाही आजार याच घराण्यातला: जिथं भिंत हवी तिथं मोकळी जागा. सॅन फ्रान्सिस्को विमानतळावर १९७१ च्या सुमाराचं जंबो जेटसाठीचं एक हँगर आहे. लेव्ह झेटलिन या इंजिनिअरच्या कंपनीनं आखलेलं. मधे खोल्यांचा गाभा आणि दोन्हीकडे सत्तरेक मीटर लांबीचं छप्पर पक्ष्याच्या पंखांसारखं अधांतरी काढलेलं. समोर एक खांब नाही. १९.३ मीटर उंचीची शेपटी असलेली ७४७ सरळ आत शिरावी म्हणून. ते पाहिलं की बांधणाऱ्याच्या धाडसाला नमस्कार करावासा वाटतो, आणि ते भूकंपासाठी तपासणाऱ्याची दया येते.

मोफेटला तर दोन्ही टोकांना दारंच आहेत, शेकडो टनांच्या पाकळ्या, रुळांवरून विजेच्या मोटारींनी सरकणाऱ्या. एवढं वजन, आणि ते ठामपणे बांधलेलं नाही, चाकांवर आहे. त्यात इमारतीची लांबी. भूकंपाची लाट एका टोकाला पोचते तेव्हा दुसऱ्या टोकाला ती पोचायची असते. म्हणजे त्याच क्षणी इमारतीचं डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे ओढले जाऊ शकतात.

जुन्या पोलादी हँगरवर काम सुरू होतं ते कटरनं. जिथं कमी धोका आहे तिथून पोलादाचे छोटे तुकडे कापून प्रयोगशाळेत ओढून तोडतात, कारण त्या काळच्या लोखंडाची जात आजच्यासारखी पक्की नसे. काही जुनं पोलाद वेल्डिंगला रुसतं. उष्णता लागली की कडक होऊन नंतर तडकतं. मग तिथं वेल्डिंगचा मोह टाळून बोल्ट. जुने रिव्हेट काढायचे आणि त्याच भोकांत जास्त ताकदीचे बोल्ट बसवायचे, एकेक करून, इमारत उभी असताना. कितीतरी जुन्या सांगाड्यांत गर्डर धडधाकट असतात आणि सांधे कच्चे निघतात. माणसासारखंच, म्हातारपणी हाडांआधी गुडघे बोलतात.

मग तिरपे आधार. इथं मला सगळ्यात आवडलेली युक्ती येते. प्लॅस्टिकची फूटपट्टी दोन्ही टोकांना धरून ओढा, काही होत नाही. दाबा, ती पोटातून बाहेर फुगते. लोखंडी तिरप्या काठीचंही तेच. भूकंप तिला आळीपाळीनं ओढतो आणि दाबतो; दाबताना ती फुगली की संपलं. आता हीच पट्टी तिच्या मापाच्या नळीत घालून दाबा. फुगायला जागाच नाही, म्हणून ती ओढल्यासारखीच दाबलीही जाते. जपानी इंजिनिअरांनी पोलादाची पट्टी काँक्रीट भरलेल्या नळीत घालून, पण काँक्रीटला चिकटू न देता, असा आधार तयार केला. अमेरिकेत तो पोचायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली. मोठ्या भूकंपात ही पट्टी मुद्दाम ताणली-दाबली जाऊन तापते, धक्क्याची शक्ती पिऊन टाकते, आणि कमान वाचते. भूकंपानंतर पट्टी बदलायची.

बळकट करणं म्हणजे सगळं जाडजूड करणं नव्हे, हे मला इथं पहिल्यांदा नीट कळलं. कुठं मोडायचं हे आधी ठरवून ठेवायचं. कोयनेला मात्र उलटं करावं लागलं होतं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपानंतर धरणाला जिथं उताराचा कोन एकदम बदलतो तिथं भेगा पडल्या, आणि मग मागच्या बाजूनं काँक्रीटचे भक्कम टेकू उभारले. धरणाला झुकण्याची मुभा नसते. हँगरला असते.

याच खाडीच्या काठावर, सॅन फ्रान्सिस्को विमानतळाच्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलखाली, तिसराच मार्ग आहे. ती इमारत २६७ पोलादी वाट्यांवर बसवली आहे. वाटीत गोळी हलवली की ती वर चढते आणि वजनानं परत मधे येते, तशी जमीन हलली की इमारत वाटीत सावकाश झुलते आणि जागेवर येते. आपण तिथं इमिग्रेशनच्या रांगेत कंटाळत उभे असतो. हँगर वनसारख्याला मात्र असं वाट्यांवर उचलून ठेवणं मला तरी शक्य वाटत नाही. वर जड, एकसंध डबा असला तरच ती युक्ती शोभते.

आणि एक कलम असं, की ज्याला भूकंपाशी काही घेणंदेणं नाही, पण विसरलं तर सगळं बिघडतं. पोलाद उन्हात वाढतं. ३४५ मीटर लांबीचा सांगाडा वीस अंशांनी तापला तर गणितानं सुमारे आठ सेंटिमीटर लांब होतो, म्हणजे तळहाताच्या रुंदीएवढा. भूकंपासाठी तो सगळीकडून आवळून बांधलात, तर भूकंप यायच्या आधीच ऊन त्याला तोडेल. दुपारची वाढ होऊ द्यायची आणि रात्रीचा हिसका अडवायचा, दोन्ही एकाच सांध्यात. त्यासाठी तेल भरलेले दट्टे वापरता येतात. बादलीतल्या पाण्यात तळहात आडवा धरून हळू फिरवा, पाणी वाट देतं. जोरात फिरवा, भिंत होतं. दट्ट्याचंही तसंच: उन्हाच्या चालीला तो कळतही नाही, भूकंपाच्या वेगाला ताठ उभा राहतो.

आज दुपारी मोफेटवर ऊन असेल तर त्या हँगरचे सांधे कणाकणानं सरकत असतील. संध्याकाळी खाडीवरून गार वारा सुटला की सांगाडा आवळत जातो, आणि उजाडेपर्यंत आपल्या मूळ मापावर आलेला असतो.